रक्त आत्ता घ्या

उशीपासून वीतभर अंतरावर मोबाइलचा गजर वाजत होता आणि मला तो बंद करता येत नव्हता. पहाटेचे साडेपाच. डोळे टक्क उघडे होते, छातीवरच्या पांघरुणाचं ओझं जाणवत होतं. हात उचलायला गेले, तर हात जागचा हलेना. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, दुखणं नाही. पांघरुणाची शिवण बोटाखाली नीट लागत होती, ती खरखरीत आहे हेही कळत होतं, फक्त ते बोट तिच्यावरून सरकवता येत नव्हतं. गजर थांबला, दहा मिनिटांनी पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आई उठून आली.

मला हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस आहे. रक्तातलं पोटॅशियम एकाएकी उतरतं आणि हातापायांचे स्नायू काही तास, कधी दिवसभर, काम करेनासे होतात. मग ते आपले आपण परत येतात. साधारण लाखात एखाद्याला होणारा आजार. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि आजाराचं नाव कळलं तेव्हा चोवीस. मधली अकरा वर्षं कशी गेली ते लिहिते आहे, कारण या आजाराचं निदान बहुतेक वेळा एकाच जागी अडतं, आणि ती जागा माहीत असेल तर एवढी वर्षं लागू नयेत.

लोक याला झटका म्हणतात. सोयीसाठी मीही म्हणते, पण शब्द बरोबर नाही. झटक्यासारखं काहीच होत नाही. टाकीतलं पाणी खाली जावं तशी शक्ती उतरत जाते. आधी मांड्या, मग कंबर, मग खांदे आणि दंड, सगळ्यात शेवटी बोटं. चेहरा, डोळे, जीभ शाबूत राहतात. श्वासही बहुतेकांचा चालू राहतो, पण त्याचा भरवसा धरून कोणी घरी बसू नये. शुद्ध तर पूर्ण असते. आजूबाजूला लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते सगळं ऐकू येतं.

पहिल्यांदा झालं ते शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी खूप धावले होते, रात्री भूक भूक करून गोडधोड भरपूर खाल्लं होतं आणि गाढ झोपले होते. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकले आणि सरळ जमिनीवर बसले. पाय होते, पण त्यांच्यात जोर नव्हता. दुपारी बारापर्यंत मी चालायला लागले. डॉक्टरांनी तपासलं, वाढीचं वय आहे, दमणूक झाली आहे म्हणाले. ते चूक बोलले असं मला आजही वाटत नाही. एकदाच घडलेल्या गोष्टीवरून दुसरं कोण काय सांगणार?

पण ते वर्षातून तीनदा होऊ लागलं, मग महिन्यातून एकदा. आणि प्रत्येक वेळी एकच क्रम. पहाटे जाग यायची, हलता यायचं नाही. घरचे घाबरायचे, गाडी मिळवायचे, उचलून न्यायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत, नंबर लागेपर्यंत, कोणी तपासेपर्यंत शक्ती परतायला लागलेली असायची. डॉक्टर म्हणायचे, हात वर करा. हात वर जायचा. रक्त घेतलं जायचं ते त्याच्याही नंतर, आणि अहवाल यायचा संध्याकाळी. पोटॅशियम ३.८. निरोगी माणसाचं ३.५ ते ५ असतं, म्हणजे सगळं ठीक. आजही तो अहवाल माझ्याजवळ आहे. खरा आकडा, चुकीच्या वेळचा. पुढची कित्येक वर्षं तो कागद माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. जिथे जाऊ तिथे फाइल उघडायची, तो आकडा दिसायचा आणि पोटॅशियमचा विचार तिथेच संपायचा.

एकोणिसाव्या वर्षी जे झालं त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. त्या दिवशी फक्त पाय गेले होते, हात चांगले होते. कॅज्युअल्टीत मला अशक्तपणा आला आहे असं ठरलं आणि ग्लुकोजची बाटली लावली. अर्ध्या तासात खांदे जड झाले. तासाभरात उजव्या हाताची मूठ वळेना. मग मान उशीवरून उचलेना. मी सांगत होते की हे वाढतंय, बाटली लावल्यापासून वाढतंय. उत्तर मिळालं, घाबरू नका, शांत पडून राहा. दुसरी बाटलीही ग्लुकोजचीच होती.

त्यामागचं कारण मला पाच वर्षांनी कळलं. ग्लुकोज रक्तात गेलं की शरीर इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींच्या आत ढकलतं. मुळातच उतरलेलं पोटॅशियम आणखी उतरतं. गोड आणि पिष्टमय जेवणानंतर पहाटे का होतं, त्याचंही कारण तेच. ती बाटली लावणाऱ्याने वाईट हेतूने काही केलं नाही. अशक्त माणसाला ग्लुकोज द्यावं हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. पण लावण्याआधी दोन मिलिलिटर रक्त काढून पाठवलं असतं, तर माझी पाच वर्षं वाचली असती.

त्यानंतर फाइलमध्ये एक नवी ओळ आली. शारीरिक कारण आढळत नाही, मानसिक ताणाची शक्यता. आईबाबांशी बोलताना आवाज खाली आला. परीक्षा आहेत का, घरात काही झालं आहे का, कोणाशी मैत्री आहे का. ताण नव्हता असं नाही. पुढच्या सकाळी उठता येईल की नाही हे माहीत नसलेल्या मुलीला ताण असणारच. गोंधळ आणखी वाढतो तो असा, की ताणाने माझे झटके खरोखरच वाढायचे. ताणात शरीर ॲड्रिनलिन सोडतं, आणि तेही पोटॅशियम पेशीत ढकलतं. म्हणजे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकीचा होता. मला मात्र हळूहळू स्वतःचीच शंका यायला लागली. रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, मी खरंच पूर्ण प्रयत्न करते का? अजून थोडा जोर लावला तर हात उचलला जाईल का?

मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रडत गेले होते. त्या बाई जेमतेम चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी पहिल्या भेटीत माझ्या मनाबद्दल फारसं विचारलंच नाही. आदल्या दिवशी काय केलं होतंस, काय खाल्लं होतंस, किती वाजता झोपलीस, आधी काय गेलं, आधी काय परत आलं, हे विचारलं. मला निम्मं आठवेना. मग म्हणाल्या, "एक वही कर. झटका आला की नुसती तारीख लिहू नकोस, त्याच्या आधीचे चोवीस तास लिही."

चार महिने लिहिलं. सात झटके. ती वही घेऊन त्यांच्यासमोर बसले तेव्हा त्यांनी लाल पेनाने नुसत्या खुणा करत नेल्या. जास्त चालणं किंवा श्रम, आणि त्यानंतर विश्रांती. भरपेट जेवण. पुन्हा श्रम, पुन्हा विश्रांती. परीक्षेच्या आठवड्यात एकही नाही, परीक्षा संपल्यावर खाऊनपिऊन झोपले त्या रात्रीच. वही मिटून त्या म्हणाल्या, "मन इतकं नियमाने वागत नाही. हे शरीराचं आहे." आणि न्यूरोलॉजिस्टला चिठ्ठी दिली.

त्या वाक्याने मला काय दिलं ते शब्दांत मांडणं अवघड आहे. त्या दिवशी मी बसने घरी न येता चालत आले. दुसऱ्या दिवशी पहाटे अर्थातच हललेच नाही, पण स्वतःवरचा संशय गेला होता.

न्यूरोलॉजिस्टांनी वही पाहिली, दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि म्हणाले, "तुम्हाला काय आहे ते मला बहुतेक कळलंय. पण ते सिद्ध करायचं तर झटका चालू असताना रक्त मिळालं पाहिजे. तो उतरल्यावरचं रक्त काही सांगणार नाही." त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून सही केली. रुग्णाला शक्ती गेलेली असताना आणल्यास, कोणतीही सलाइन लावण्याआधी, पोटॅशियमसाठी रक्त घ्यावं. लगेच ईसीजी काढावा. थायरॉइडची तपासणी पाठवावी. ग्लुकोज लावू नये. तो कागद आईने प्लास्टिकमध्ये घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगला.

थायरॉइड का, ते मी विचारलं. थायरॉइडचं प्रमाण फार वाढलं तरी असेच झटके येतात. तो प्रकार आशियाई वंशाच्या तरुण पुरुषांमध्ये विशेष दिसतो, आणि थायरॉइड आटोक्यात आलं की झटके थांबतात. म्हणून ते आधी बघायचं. माझं ते ठीक निघालं.

सुरुवातीला जी पहाट सांगितली, ती हा कागद मिळाल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली. आई आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, खिळ्यावरचा कागद काढला. कॅज्युअल्टीत ड्यूटीवर एक अगदी तरुण डॉक्टर होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्याचंही तेच. मी मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, शक्ती गेलेली असताना कोणीतरी ती गेली आहे हे स्वतःच्या हाताने तपासत होतं. शक्ती नसल्याचं नाटक करता येतं, हातोडी बसल्यावर पायाचं आपोआप उडणं थांबवून धरणं सोपं नाही. त्यांनी ट्रॉलीवर तयार ठेवलेली बाटली बाजूला सरकवली आणि नर्सला म्हणाले, "रक्त आत्ता घ्या. आधी रक्त."

ईसीजीच्या कागदावर काहीतरी वेगळं होतं, हे ते कागद खिडकीशी नेऊन बघायला लागले तेव्हाच कळलं. पोटॅशियम उतरलं की ईसीजीतली टी लाट चपटी होते आणि तिच्यामागे यू नावाची एक जास्तीची लाट दिसू लागते. ती माझ्या कागदावर होती. चाळीस मिनिटांनी प्रयोगशाळेतून फोन आला. २.१.

आई रडायला लागली. मीही रडले, पण डोळे पुसता येत नव्हते, ते तिने पुसले. एवढ्या वाईट आकड्याचा आनंद व्हावा, हे त्या खोलीत आम्हा दोघींशिवाय कोणाला कळलं असेल असं वाटत नाही.

उपचार काय, तर पोटॅशियम क्लोराइडचं औषध पाण्यात मिसळून तोंडाने. खारट, कडवट, घशाला चरचरणारं. गिळता येत असेल तर तोंडानेच देणं बरं, शिरेतून देणं जोखमीचं, आणि शिरेतून द्यायचीच वेळ आली तर ते ग्लुकोजमध्ये मिसळायचं नाही, हेही त्या दिवशी कळलं. वजनावरून मात्रा ठरवतात, दर अर्ध्या तासाने थोडी थोडी देतात, आणि मधे मधे रक्त तपासत राहतात. कारण शरीरातलं पोटॅशियम कुठे गेलेलं नसतं. एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के नेहमीच पेशींच्या आत असतं. झटक्यात रक्तातलं थोडंसं आणखी आत शिरतं, एवढंच. ते परत बाहेर आलं की आधी दिलेलं आणि परतलेलं मिळून आकडा धोकादायक चढू शकतो. हृदयाचा मॉनिटर लावून ठेवतात तो यासाठी. अडीच तासांनी डाव्या हाताचा अंगठा हलला. दुपारी पोटॅशियम ३.४ होतं आणि मी टेकून बसले होते. संध्याकाळी ४.४, आणि मी स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. वर्णन जुळतंय म्हणून कोणी घरच्या घरी पोटॅशियम घेऊ नये. याच आजाराचा दुसरा भाऊ आहे, हायपरकॅलेमिक. त्यात झटक्यात पोटॅशियम वाढलेलं असतं किंवा नेहमीसारखं असतं, आणि पोटॅशियम दिलं तर झटका उलट ओढवतो. त्यांना उपाशी राहणं बाधतं, थोडी साखर उपयोगी पडते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत तेच लुळे हातपाय दिसतात. अँडरसन-टाविल नावाचा तिसराही प्रकार आहे, त्यात हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि जिवाला धोका त्या बाजूने येतो. मला जे तारतं ते दुसऱ्याला मारू शकतं, म्हणून आकडा आणि ईसीजी दोन्ही हवेत.

न्यूरोलॉजिस्टांनी त्यानंतर आणखी एक तपासणी केली, तिला लॉन्ग एक्सरसाइज टेस्ट म्हणतात. झटका नसतानाही करता येणारी ही तपासणी मला आधी कोणी सुचवली असती तर, असं राहून राहून वाटतं. तळहाताच्या कडेला, करंगळीच्या बाजूच्या स्नायूवर बारीक पट्ट्या चिकटवल्या. मनगटापाशी नसेला विजेचा छोटा धक्का द्यायचा आणि स्नायू किती उसळून उत्तर देतो त्याची लाट पडद्यावर उमटते. पहिली लाट उंच होती, डोंगरासारखी. मग पाच मिनिटं करंगळी बाहेरच्या बाजूला पूर्ण जोराने ताणून धरायची, मधे मधे तीन-चार सेकंदांची सुट्टी. पाच मिनिटांत एवढीशी करंगळी इतकी दुखेल असं वाटलं नव्हतं. त्यानंतर काही करायचं नाही. हात उशीवर ठेवून पडून राहायचं आणि दर दोन मिनिटांनी एक धक्का.

सुरुवातीला लाट थोडी वाढलीच. दहा मिनिटांनी होती तेवढी झाली. मग उतरायला लागली. मला पडदा दिसत होता. प्रत्येक नवी लाट आधीच्या लाटेच्या जरा आत बसत होती, एकीत एक घातलेल्या वाट्यांसारखी. पंचवीस मिनिटं, तीस, चाळीस. तंत्रज्ञ म्हणाल्या, "करंगळी हलवून बघा." हलली, पण आळसावल्यासारखी. चाळीस टक्क्यांहून जास्त घट झाली तर तपासणी सदोष धरतात. माझी अठ्ठावन्न टक्के झाली होती. श्रमानंतरच्या विश्रांतीत स्नायू बंद पडत जातो, हे मी अकरा वर्षं तोंडाने सांगत होते. तेच तिथे एका करंगळीत, सगळ्यांच्या देखत, पडद्यावर घडलं.

जनुकीय तपासणीला रक्त दिलं आणि अहवालाला काही आठवडे लागले. या आजाराला कारण ठरणारी दोन मुख्य जनुकं आहेत, सीएसीएनए१एस आणि एससीएन४ए. पहिल्याचा संबंध १९९४ साली उलगडला आणि जास्त कुटुंबांमध्ये तेच सापडतं. माझंही तेच निघालं. स्नायूपेशीच्या आवरणात विजेचा दाब ओळखणारी दारं असतात; पहिलं जनुक कॅल्शियमच्या दाराचं, दुसरं सोडियमच्या. दाब ओळखण्याचं काम करणाऱ्या भागात अर्जिनीन नावाची अमिनो आम्लं ओळीने बसलेली असतात. माझ्यात त्यांपैकी एका अर्जिनीनच्या जागी हिस्टिडीन आहे. एवढ्या लांबलचक प्रथिनात एक अक्षर बदललेलं.

त्या एका अक्षराने काय होतं, हे मात्र बरीच वर्षं कोडं होतं. २००७ साली संशोधकांनी एससीएन४ए जनुकाच्या दाराबद्दल दाखवून दिलं की, अर्जिनीन बदललं की मुख्य दाराशेजारी एक बारीक फट पडते आणि तिच्यातून सतत विद्युतभार झिरपत राहतो. पुढे कॅल्शियमच्या दारातही, म्हणजे माझ्या प्रकारातही, तीच फट सापडली. रक्तात पोटॅशियम पुरेसं असतं तोवर पेशी ही गळती सांभाळून घेते. ते उतरलं की गळती वरचढ होते, पेशीचा आतला विजेचा दाब बिघडून भलत्याच पातळीवर अडकून बसतो आणि सोडियमची दारं कुलूप लागल्यासारखी बंद होतात. मग मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत व्यवस्थित पोचतो, पण स्नायू त्याला उत्तर देऊ शकत नाही. हे वाचलं तेव्हा ती पहाट आठवली. मी हाताला सांगत होते, आणि ते सांगणं खरोखर तिथवर पोचत होतं.

आता रोज ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या घेते. सगळ्यांना त्या लागू पडत नाहीत, साधारण निम्म्यांना फायदा होतो. एससीएन४ए असलेल्या काहींचं तर त्यांनी बिघडतं. मला फायदा झाला. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, सोड्याची पेयं धातूसारखी लागतात, मूतखडा होऊ नये म्हणून पाणी भरपूर प्यावं लागतं आणि अधूनमधून सोनोग्राफी करून घ्यावी लागते. याच जातीच्या डायक्लोरफेनामाइड या औषधाला २०१५ साली अमेरिकेत खास या आजारांसाठी मान्यता मिळाली. जेवण थोडं थोडं, मीठ आणि गोड बेताने. चालून आल्यावर एकदम बसायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं हळूहळू फिरत अंग निववायचं. हा एक नियम पाळल्याने माझे निम्मे झटके टळले असतील. स्टिरॉइड कोणी लिहून देत असेल तर आधी आजार सांगायचा. ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना तर सांगायचंच, कारण भूल देताना वापरतात ती काही औषधं आम्हाला चालत नाहीत.

महिन्याला दोन-तीन झटके यायचे, ते आता वर्षाला दोन-तीन येतात. पण बाबांबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होत नाही.

हा आजार बहुतेकदा आईबापांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. जनुकीय समुपदेशक बाईंनी कागदावर वंशावळीचे चौकोन आणि गोल काढले आणि विचारलं, घरात आणखी कोणाला? मी नाही म्हणाले. आईही नाही म्हणाली. बाबा गप्प होते. बाहेर आल्यावरही गप्प होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मला व्हायचं."

सोळाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत. लग्नाआधी आजी त्यांना भिंतीला टेकवून बसवायची आणि अंगात वात शिरलाय म्हणायची. लग्नानंतर ते आईला सांगायचे, आज बरं वाटत नाही, पडून राहतो. आईला वाटायचं, माणूस झोपाळू आहे. पहिली नोकरी गेली ती सकाळी न सांगता गैरहजर राहतात म्हणून. चाळिशीनंतर झटके विरळ झाले, या आजारात बहुतेकांचं तसंच होतं, आणि त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला. मी तेराव्या वर्षी पलंगाखाली कोसळले तेव्हा हे आपलंच आहे असं त्यांच्या मनात आलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

एवढं मात्र आम्ही सगळ्यांनीच डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ लावला नव्हता: ते जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढून घेतात. जमिनीवरून उठताना आधी हात गुडघ्यावर, मग मांडीवर ठेवून वर येतात. वयाने गुडघे गेले, असं आम्ही म्हणायचो. वर्षानुवर्षांनी या आजारात मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू कायमचे झिजू शकतात, झटके थांबले तरी. आत्यालाही उठताना तसाच त्रास होतो, आणि तिला आयुष्यात एकही झटका आलेला नाही. बायकांमध्ये हा आजार कित्येकदा सौम्य राहतो, कधी झटक्यांवाचूनच जातो. माझ्यात तसं झालं नाही.

बाबांचं रक्त तपासलं. तोच बदल, त्याच जागी. अहवाल इंग्रजीत होता, मी वाचून मराठीत सांगितला. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा लावून स्वतः त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट तिथेच ठेवून बसले.

"म्हणजे तेव्हा मला खरंच उठता येत नव्हतं," ते म्हणाले.

"हो बाबा."

आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

डॉक्टरांनी त्यांची मूत्रपिंडं तपासली, त्यांच्यासाठी पोटॅशियमची वेगळी मात्रा ठरवून दिली, आणि दाराजवळच्या खिळ्यावर आता दोन कागद आहेत. बाबा तेव्हा म्हणाले होते, माझं संपलं, मला काही लागायचं नाही. मागच्या हिवाळ्यात एकदा दिवसभर बागेत माती खणत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून अंधार होता, त्यांच्या खोलीतून हाक आली. त्यांचा आवाज शांत होता, जरा संकोचलेला.

"अगं, जागी आहेस का? माझे हात उचलत नाहीयेत. ते पाण्यातलं औषध कुठे ठेवलंय?"

मी दिवा लावला आणि आधी खिळ्यावरचा त्यांचा कागद काढला.